हात वर करणारा माणूस

एक काडी कानावर, दुसरी हातात आणि मधे नाकावर तिरका लोंबणारा चष्मा... अशा अवतारात तो माणूस दारात येऊन उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "अहो, मुलींची कपडे बदलायची खोली हीच ना? माझी पोरगी आत गेलीय आणि टोपी माझ्याकडेच राहिली."

"ही पंचांची खोली आहे," ती म्हणाली. "आणि मी मुलगी नाही, मुलीची आई आहे."

"माफ करा हं... मला दिसत नाहीये—"

"ते दिसतंय मला. बसा इथे. चष्मा द्या."

तो मुकाट्यानं बाकावर बसला. तिनं पर्समधून बोटाएवढा स्क्रूड्रायव्हर काढला, एका चपट्या डबीतून तिळाएवढा स्क्रू काढला आणि खिडकीच्या उजेडात कामाला लागली. तलावाच्या मागच्या गल्लीत तिचं चष्म्याचं दुकान होतं, त्यामुळे पोहण्याच्या क्लबात तिला सगळे चष्मेवाली म्हणूनच ओळखायचे. तिचीही काही तक्रार नव्हती. नवऱ्याच्या नावानं ओळखलं जाण्याचे दिवस सरले होते आणि हे नाव निदान तिच्या स्वतःच्या कमाईचं होतं.

चष्मा जोडून झाल्यावर तिनं तो स्वतःच त्याच्या डोळ्यांवर चढवला, दुकानात गिऱ्हाइकाला चढवते तसा. दोन्ही काचा एका पातळीत आहेत ना, हे बघायला ती जरा वाकली. रोजचंच काम ते. पण समोरचे डोळे काचेआडून एकदम स्वच्छ झाले आणि थेट तिच्याकडे बघू लागले, तेव्हा तिची बोटं उगीचच क्षणभर जास्त रेंगाळली.

"कानामागे काळं लागलंय तुमच्या," ती घाईघाईनं म्हणाली.

"ग्रीस असेल. आज सकाळीच एका बाईंना बाहेर काढून आलो."

"कशातून?"

"लिफ्टमधून हो! लिफ्ट दुरुस्त करतो मी."

ती हसणार, तेवढ्यात पंचबाई आत शिरल्या. पंचबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई आणि क्लबाच्या मुख्य पंच. गळ्यात शिट्टी आणि चेहऱ्यावर, कुणीतरी पाढे चुकलाय असा कायमचा संशय. पोटची पोर पोहायला घातली की आईबापांनी पंचाचा पांढरा शर्ट घालायचा, हा त्यांनीच घालून दिलेला नियम होता. पगार नाही, मानधन नाही, बूट मात्र दर वेळी ओले.

"एक पंच आलेला नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही कोण? पालक? नवीन? मग घाला हा शर्ट. पलीकडच्या टोकाला, चौथ्या लेनच्या तोंडाशी उभं राहायचं. पोहणाऱ्यानं वळताना चूक केली तर हात वर. चूक नसेल तर हात खाली. समजलं?"

"समजलं," लिफ्टवाले म्हणाले.

काहीही समजलं नव्हतं.

भोंगा वाजला आणि मुलींनी पाण्यात उड्या टाकल्या. चष्मेवाली अलीकडच्या टोकाला, दुसऱ्या लेनची वेळ घ्यायला घड्याळ घेऊन उभी होती. चौथ्या लेनमध्ये तिची स्वतःची लेक पोहत होती. पाण्यात पाय मारायची तिची पद्धत पाहून तिला सगळे बेडकी म्हणत. आज बेडकी जोरात होती. भिंतीला हात लावून ती छान वळली... आणि त्याच क्षणी, तिच्या डोक्यावर उभ्या असलेल्या लिफ्टवाल्यांचा हात ताठ वर गेला.

चष्मेवालीनं मान उंचावली. काय चुकली पोर?

शर्यत संपताच पंचबाई तरातरा पलीकडे गेल्या. तलावाचं छत उंच, त्यामुळे तिथे कुजबुजलेलंही सगळ्यांना ऐकू जायचं. आणि पंचबाई काही कुजबुजणाऱ्यांपैकी नव्हत्या.

"काय चूक केली?"

"कुणी?"

"चार नंबरनं! तुम्ही हात वर केलात!"

"ते होय..." लिफ्टवाले कानापर्यंत लाल झाले. "ते... मी पलीकडच्या त्या बाईंना सांगत होतो."

"काय सांगत होता?"

"की... दिसतंय म्हणून."

अख्खा तलाव हसला. पाण्यातली मुलं हसली, बाकांवरच्या आया हसल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते याहून वेगळं काय असणार! हसली नाही ती एकटी बेडकी. आपण बाद झालो असं समजून ती टॉवेलात तोंड खुपसून रडत होती.

चष्मेवाली तिच्याकडे धावली. पण तिच्या आधी लिफ्टवाले तिथे पोचले होते. ओल्या फरशीवर ते खुशाल गुडघे टेकून बसले.

"बाळ, तू काही चुकली नाहीस. चुकलो मी. तुझी शर्यत धरलीय, पंचबाईंनी आत्ताच सांगितलं."

टॉवेलातून एक लालबुंद डोळा बाहेर आला. "मग बाद कोण?"

"मी."

"पूर्ण बाद?"

"अगदी पूर्ण. विचार हवं तर पंचबाईंना."

बेडकी फिस्सकन् हसली. चष्मेवाली दोन पावलं मागे थांबून हे बघत होती.

हात वर करणारा एक माणूस तिनं याआधीही पाहिला होता. तिचा नवरा. एका निवांत सकाळी, चहाचा कप पुरता संपवून तो म्हणाला होता, "मला नाही जमत हे संसाराचं," आणि त्यानं चक्क हात वर केले होते. बेडकी तेव्हा रांगत होती. आता तो दुसऱ्या गावी राहतो, लेकीच्या वाढदिवसाला न चुकता फोन करतो. त्याच्यावरचा तिचा राग कधीच विरून गेला होता. पण एक गाठ तिनं मनाशी पक्की मारून ठेवली होती... प्रसंग आला की हात वर करील असा माणूस आपल्या उंबऱ्याच्या आत पुन्हा यायला नको. आणि असा माणूस आधी कसा ओळखायचा, ते कळत नाही. तेव्हा कुणीच नको.

आणि आज हा एक. सगळ्यांदेखत हात वर केला, आणि नंतर चूक निस्तरताना मात्र हात वर नाही केले.

त्या दिवसापासून पंचबाईंनी लिफ्टवाल्यांना एक शिक्षा ठोठावली. पोरं पाण्यात असेपर्यंत त्यांनी हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. "तुमच्या हातांना काहीतरी काम दिलेलं बरं," असं म्हणत त्यांनी एक घड्याळ त्यांच्या मुठीत कोंबलं. प्रत्येक लेनची वेळ दोघांनी घ्यायची असते. लिफ्टवाल्यांना त्यांनी चष्मेवालीच्या शेजारी उभं केलं. "या तुमच्यावर नजर ठेवतील," त्या म्हणाल्या.

ते काम चष्मेवालीनं जरा जास्तच मनावर घेतलं.

"किती आली वेळ?" शर्यत संपली की ती विचारायची.

"तुमची आधी सांगा."

"अहं. तुमची आधी. आणि एकमेकांचं बघायचं नाही, नियम आहे."

"तोच तर अवघड जातोय पाळायला," ते समोर पाण्याकडे बघत म्हणायचे.

एकदा दोघांच्या घड्याळात तंतोतंत एकच वेळ आली. लिफ्टवाले लहान मुलासारखे ओरडले, "जुळलं!" बाकावरच्या आयांनी माना वळवल्या. पंचबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काय जुळलं?"

"घड्याळं!" दोघंही एकदम म्हणाली.

दोन शर्यतींच्या मधल्या वेळात तिच्या थर्मासमधली कॉफी निघायची. कप एकच असायचा, तो त्यांना. ती झाकणातून प्यायची. ओल्या फरशीला क्लोरिनचा वास, उबदार दमट हवा, काचांवर धरलेली वाफ. त्या वाफेवर लिफ्टवाले बोटानं लिफ्टची चित्रं काढायचे आणि आत अडकलेल्या माणसांच्या गोष्टी सांगायचे.

"लिफ्ट अडकली ना, की माणसं आधी ओरडतात. मग शेजारच्यावर चिडतात, तुम्हीच जास्त बटणं दाबलीत म्हणून. मग गप्प बसतात. आणि मग हळूच एकमेकांची विचारपूस करायला लागतात. कधी कधी मी दार उघडतो तर म्हणतात, एवढ्या लवकर आलात?"

"तुम्ही कधी अडकलात का हो?"

"एकदाच."

"कधी?"

"सध्या," ते म्हणाले आणि कॉफीत तोंड घातलं.

ती त्यांना "अहो लिफ्टवाले" म्हणून हाक मारायची. एकदा गडबडीत मागचं 'लिफ्टवाले' राहूनच गेलं, नुसतं "अहो" बाहेर पडलं... तेही चांगलं सुरेल. लिफ्टवाल्यांच्या हातातली कॉफी हिंदकळून शर्टावर सांडली. तिनं रुमाल पुढे केला. दोघंही त्या डागाबद्दलच खूप वेळ बोलत राहिली.

लिफ्टवाल्यांच्या मुलीला खारूताई म्हणत. तुरुतुरु चालणारी, पुढचे दात जरा मोठे असलेली, मोठी गोड पोर. ती दुपट्यात होती तेव्हाच तिची आई आजारपणात गेली. लिफ्टवाल्यांनी हे एकदाच सांगितलं, साध्या आवाजात. "तिला आई आठवत नाही, मला आठवते. घरात एकाला तरी आठवते, तेवढं बरंय." चष्मेवालीनं झाकण खाली ठेवलं आणि त्यांचा कप पुन्हा भरला.

बेडकी आणि खारूताईची आता गट्टी जमली होती. एका संध्याकाळी केस पुसून घेता घेता बेडकी म्हणाली, "आई, काका फक्त स्पर्धेच्या दिवशी दाढी करतात. खारूताईनं सांगितलं."

"बरं मग?"

"काही नाही. तूही फक्त स्पर्धेच्याच दिवशी कानात घालतेस. ते मी सांगितलं तिला."

चष्मेवालीची आई दुकानात यायची, काउंटरपलीकडच्या खुर्चीत बसून गिऱ्हाइकांना फुकटचे सल्ले द्यायची. तिच्याही कानावर हे गेलंच. "दोनाचे चार हात होऊ देत गं पुन्हा," ती म्हणाली.

"झाले होते की चार. परत दोन झाले."

"मग? त्या दोन हातांनी दुकान केलंस, पोर वाढवलीस. कुणापुढे पसरले नाहीस. आता पुढे करायलाही घाबरतेस, एवढंच म्हणते मी." आई जेव्हा एवढंच म्हणते म्हणायची, तेव्हा तेवढं आठवडाभर पुरायचं.

मधे चष्मेवालीनं पंचांची परीक्षा दिली, पास झाली, आणि पंचबाईंनी तिला बढती दिली ती थेट पलीकडच्या टोकाला. आता ती वळणावर उभी, लिफ्टवाले घड्याळ घेऊन अलीकडे, आणि मधे अख्खा तलाव. हाक मारायची सोय नाही. आणि हात वर करायचा तर प्रश्नच नव्हता!

पहिल्याच शर्यतीच्या आधी तिनं सहज समोर पाहिलं. लिफ्टवाले हात पाठीमागे बांधून शहाण्यासारखे उभे होते. तिची नजर आली, तसे ते हळूच चवड्यांवर उभे राहिले. टाचा वर, क्षणभर तसेच... आणि पुन्हा खाली. चेहरा अगदी गंभीर.

चष्मेवालीला हसू आवरेना. तिनं एका बोटानं स्वतःचा चष्मा नाकावर वर सरकवला. पोचलं, या अर्थी.

मग ते ठरूनच गेलं. प्रत्येक शर्यतीआधी तिकडे टाचा वर, इकडे चष्मा वर. कुणाला काही कळलं नाही. पंचबाई एकदा म्हणाल्या मात्र, की लिफ्टवाल्यांना पोटऱ्यांचा काही त्रास दिसतो.

शेवटच्या स्पर्धेच्या आधीच्या रविवारी लिफ्टवाले थर्मासचं झाकण लावता लावता म्हणाले, "हंगाम संपला की... तुम्हाला एक विचारायचंय."

"आत्ता विचारा की."

"आत्ता नको. आत्ता तुम्ही पंच आहात."

"आणि तेव्हा?"

"तेव्हा शर्ट काढून... म्हणजे, पंचाचा शर्ट... म्हणजे साध्या कपड्यात हो!" ते जे लाल झाले, ते दारातून बाहेर पडेपर्यंत लालच होते.

दुकानात काच घासताना, फ्रेम वाकवताना, गिऱ्हाइकाला सुटे पैसे देताना ती आठवडाभर हसत राहिली. काय विचारणार, ते तिला ठाऊक होतं. काय सांगायचं, तेही ठरलं होतं. मनाशी मारलेली ती जुनी गाठ कधी सुटली, ते तिचं तिलाच कळलं नव्हतं.

आणि शेवटची स्पर्धा उजाडली.

ब्रेस्टस्ट्रोकची शर्यत होती. बेडकासारखं पोहायचं, आणि त्याचा एक कडक नियम: वळताना भिंतीला दोन्ही हात लागले पाहिजेत आणि तेही एकाच वेळी. एक हात लागला, दुसरा राहिला, तर पोहणारा बाद. मग तो कितीही पुढे असो.

तिसऱ्या लेनमध्ये खारूताई होती. दर वेळी ती पदकाच्या अगदी जवळ यायची आणि एका जागेनं हुकायची. यंदा तिनं पहाटेचा सराव एकदाही चुकवला नव्हता. तिसऱ्या लेनचं वळण चष्मेवालीकडे होतं. पाचव्या लेनमध्ये बेडकी होती. तिच्या वळणावर दुसरे पंच होते आणि तिच्या लेनची वेळ घ्यायला पलीकडे लिफ्टवाले.

टाचा वर झाल्या. चष्मा वर झाला. भोंगा वाजला.

खारूताई आज सुसाट सुटली. वळणाशी येईतो ती सगळ्यांच्या पुढे होती. चष्मेवाली कठड्यावर वाकली. पोरीचा हात आला. उजवा भिंतीला लागला... आणि डावा लागलाच नाही. घाईत तिनं तो पाण्यातच वळवला आणि ती निघूनही गेली.

बाकी कुणीही पाहिलं नव्हतं. पाण्याचे फवारे, आरडाओरडा... त्यात एका चिमुरडीचा डावा हात कोण बघतंय? एकटी चष्मेवाली.

तिच्या मनात सगळं एकदम आलं. खारूताईचे मोठे दात दाखवत हसणारं तोंड. ती बाद झाली, तर चौथी असलेली बेडकी तिसरी येणार. लोक म्हणतील, स्वतःच्या पोरीला पदक मिळावं म्हणून केलं. आणि पलीकडच्या टोकाला उभा असलेला तो माणूस, ज्याच्या न विचारलेल्या प्रश्नाला तिनं मनात केव्हाच होकार दिला होता. त्याच्या पोरीला बाद करायचं आणि मग त्याच्या प्रश्नाची वाट बघायची?

हात खाली राहिला, तर सगळं गोडीगुलाबीनं पार पडणार होतं.

पण मग त्या जुन्या सकाळचा तो रिकामा कप तिला आठवला. आपल्याला जड जातंय म्हणून आपलं काम सोडून द्यायचं... आज हात खाली ठेवला, तर तेच खरं हात वर करणं होईल. आणि हात वर करणाऱ्या माणसाचा आपल्याला किती तिटकारा!

तिनं हात उचलला. ताठ, डोक्याच्या वर, पंजा उघडा.

पुढचं सगळं व्हायचं तसंच झालं. खारूताई पहिली आली, आनंदानं पाण्यात उसळली आणि पंचबाईंनी तिला जवळ बोलावून सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा हळूहळू मिटत गेला. ती रडत कपडे बदलायच्या खोलीकडे पळाली. बाकावरून कुणाची तरी आई मुद्दाम ऐकू जाईल असं बोललीच, "बघा हं, तिसरी कोण आली ते!"

पुढच्या शर्यतीआधी चष्मेवालीनं समोर पाहिलं. लिफ्टवाले हातातल्या घड्याळाकडे बघत खाली मान घालून उभे होते. टाचा जमिनीलाच राहिल्या. त्याच्या पुढच्या शर्यतीलाही. मग ते घड्याळ घेऊन पंचबाईंच्या टेबलाकडे गेले. आक्षेप नोंदवायचा तो तिथेच. दोघं काहीतरी बोलली आणि पंचबाईंनी मान वळवून सरळ चष्मेवालीकडे पाहिलं.

संपलं, ती मनाशी म्हणाली.

बेडकी गळ्यातलं पदक हातात घेऊन आली. "आई, हे नकोय मला."

"तू पोहून मिळवलंयस. तुझं आहे ते."

"खारूताई बोलेल का माझ्याशी?"

"माहीत नाही गं."

"आणि काका तुझ्याशी?"

"केस पूस आधी," चष्मेवाली म्हणाली. "गारठशील."

तलाव रिकामा होत आला. शेवटचं काम उरलं होतं, लेनच्या दोऱ्या गुंडाळायचं. रंगीत गोळे ओवलेल्या त्या लांबलचक दोऱ्या एका मोठ्या चाकावर गुंडाळाव्या लागतात. एकानं दांडा फिरवायचा, दुसऱ्यानं दोरी पाण्यातून ओढून सरळ धरायची. हंगामभर हे काम त्या दोघांनीच केलं होतं. आज चष्मेवालीनं एकटीनंच सुरू केलं. दांडाही फिरवायचा आणि दोरीही धरायची. दोन्ही जमेना आणि डोळ्यांत पाणी आल्यामुळे धड दिसेना.

एकाएकी दांडा हलका झाला. तो लिफ्टवाल्यांनी धरला होता.

तिनं दोरी ओढून सरळ धरली. एक दोरी गुंडाळून झाली. दुसरी सुरू झाली. तेवढ्यात ओल्या केसांची खारूताई तुरुतुरु चालत आली, नाक ओढत उभी राहिली.

"मावशी, कुठला हात राहिला माझा?"

चष्मेवालीनं तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "डावा."

"बघा बाबा! म्हटलं नव्हतं मी? डावाच!" आणि मग चष्मेवालीकडे वळून, जरा घुश्शातच, "मला पाण्यातच कळलं होतं. वाटलं, तुम्हाला दिसलं नसेल."

"माझं दुकानच चष्म्यांचं आहे गं."

खारूताईला हसायचं नव्हतं, पण दात बाहेर आलेच. पलीकडच्या बाकावरून बेडकीनं हाक मारली तशी ती तिकडे पळाली आणि पदकाची फीत दोघींच्या बोटांवर गुंडाळण्याचा काहीतरी खेळ सुरू झाला.

चष्मेवालीनं दोरीवरची नजर उचलली नाही. "तुम्ही पंचबाईंकडे गेला होतात... आक्षेप घ्यायला?"

"कबुली द्यायला." त्यांनी खिशातून घड्याळ काढून तिच्यापुढे धरलं. ते अजून चालू होतं. आकडे धावत होते. "तुमच्या बेडकीच्या लेनचं घड्याळ मी थांबवायलाच विसरलो. त्या शर्यतीला आणि पुढच्या दोन्हींनाही शेजारच्याच्या घड्याळावर भागलं. बाई म्हणाल्या, इतकं काय बघत होतात? मी म्हटलं, पलीकडे बघत होतो."

"खारूताईकडे."

"तुमच्याकडे." ते थांबले. "इतक्या लांबून पोरीचे हात काही दिसत नाहीत हो. पण तुमचा चेहरा दिसला. चष्मा फार चांगला बसवलाय तुम्ही माझा. चेहरा दिसला आणि कळलं, काहीतरी चुकलंय आणि चुकली ती माझीच पोर आहे. मनात म्हटलं, आता ही हात वर करते की नाही..."

"आणि?"

"नसता केला, तर पोरगी पदक घेऊन घरी आली असती आणि मी खुशीत असतो. पण तुम्हाला जे विचारायचं होतं, ते मग विचारता आलं नसतं. मला घरात खरं बोलणारं माणूस हवंय. गोड बोलायला मी आहेच."

तिला हसू आलं आणि रडूही. "मग टाचा का नाही उचलल्यात? दोन शर्यती वाट बघितली मी."

"आत पोरगी रडत होती, त्याचं वाईट वाटत होतं. आणि तुमचं... तुमचं फार कौतुक वाटत होतं. एवढं सगळं एकदम चवड्यांवर पेलेना," ते अगदी खरेपणानं म्हणाले.

शेवटची दोरी उरली होती. दोघांनी ती सावकाश, अगदी रेंगाळत गुंडाळायला घेतली.

"हंगाम संपला का हो?" लिफ्टवाल्यांनी विचारलं.

"ही गुंडाळली की संपला."

"मग विचारतो... तुमचा हात मागायचा होता."

चष्मेवालीनं दोरी धरूनच त्यांच्याकडे पाहिलं. पहिल्या दिवसासारखेच काचेआडून स्वच्छ झालेले ते डोळे, थेट तिच्याकडे बघणारे. कानामागे आजही थोडं काळं लागलंच होतं.

"एकच?" ती म्हणाली.

"काय?"

"एका हातानं माणूस बाद होतो. अख्ख्या तलावासमोर दाखवलं ना मी आज? मागायचेत तर दोन्ही मागा. आणि एकाच वेळी."

लिफ्टवाल्यांनी दांडा सोडला. तिनं दोरी सोडली. गुंडाळलेली दोरी सरसरत पुन्हा पाण्यात गेली, रंगीत गोळे डुबुक डुबुक करत पसरले, आणि तिकडे कुणीच पाहिलं नाही. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. तिनं आपले दोन्ही ओले हात त्यात ठेवले.

"जुळलं!" बाकावरून दोन्ही पोरी एका सुरात किंचाळल्या.

तो आवाज छताला आपटून तलावभर घुमला. पलीकडच्या टोकाला खुर्च्या आवरत असलेल्या पंचबाई दचकून वळल्या. शिट्टी आपोआप त्यांच्या तोंडाशी गेली. त्यांनी चष्मा सावरला, चारही हात नीट पाहून घेतले, अगदी बारकाईनं, पंचाच्या नजरेनं.

मग त्यांनी शिट्टी खाली सोडली. हात त्यांनी वर केला नाही.